मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी

थोरामोठ्यांना एका ओळीत उभे करून त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याची हौस माणसाला फार जुन्या काळापासून आहे. कवींच्या बाबतीत ही हौस पुरविताना आपण थोडे बिचकतो. गवयांच्या बाबतीत घराण्याचा अभिमान आड येतो. परंतु खेळाडूंचा प्रश्न निघाला की कोणीही, कसलाही संकोच न बाळगता, न्यायाधीशाच्या आसनावर बसावयास तयार असतो. आणि सर्व खेळांमध्ये हा वाद ज्या खेळात अतिशय कडवट आणि न मिटणारा ठरला आहे, तो खेळ म्हणजे मुष्टियुद्ध. ‘सर्व काळांतील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण?’ हा प्रश्न अमेरिकेत आणि इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर देणारा प्रत्येक जण दुसऱ्याचे उत्तर ऐकून चकित होत आला आहे. हा वाद मनोरंजक आहे यात शंका नाही. परंतु, श्रोतेहो, तो निव्वळ करमणुकीचा आहे असे मात्र नाही. त्याच्या पोटात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे आणि आजच्या भाषणात तिथपर्यंत पोहोचण्याचा माझा विचार आहे.

हा वाद मुष्टियुद्धातच इतका का माजावा? याचे कारण या खेळाच्या स्वरूपातच आहे. धावणाऱ्याला घड्याळ मोजते, उडी मारणाऱ्याला फीत मोजते. १९३६ साली शंभर मीटर धावणारा आणि आज धावणारा यांची तुलना करताना जमीन निराळी, बूट निराळे असे आक्षेप घेता येतात; पण निदान सेकंद तरी तेच असतात. मुष्टियोद्ध्याला मोजण्याचे मात्र एकच माप असते आणि ते म्हणजे त्याच्यासमोर उभा राहिलेला दुसरा मुष्टियोद्धा. हे माप स्वतःच जिवंत आहे, वाढणारे आहे, थकणारे आहे. त्यामुळे कोणाचीही थोरवी ठरवावयाची म्हणजे आधी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची थोरवी ठरविणे आले आणि ती ठरविण्यासाठी त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांकडे वळणे आले. आपल्या कुस्तीच्या फडावरील जाणती मंडळी पैलवानाविषयी बोलताना प्रथम ‘त्याची जोड कोणाशी झाली?’ असे विचारतात. ‘किती कुस्त्या मारल्या?’ हा प्रश्न मागाहून येतो. मुष्टियुद्धाच्या क्रमवारीचे सारे रहस्य या ‘जोड’ शब्दात साठविलेले आहे.

कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ठाऊक आहे की, ज्येष्ठतेची यादी करणे सोपे असते. नेमणुकीची तारीख कागदावर असते, ती पाहिली की काम झाले. गुणवत्तेची यादी करावयास घेतली म्हणजे अडचणी सुरू होतात, कारण मग गुणवत्ता कशात मानावयाची हे आधी ठरवावे लागते. मुष्टियोद्ध्यांच्या याद्या करणारे पुष्कळदा हेच आधी ठरवीत नाहीत आणि मग एक जण एका प्रश्नाचे व दुसरा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असूनही दोघे हिरिरीने भांडत राहतात.

अशा याद्यांचा आद्य कर्ता म्हणून नॅट फ्लायशर यांचे नाव घ्यावे लागेल. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द रिंग’ हे मुष्टियुद्धाचे मासिक त्यांनी सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, या खेळाच्या जमाखर्चाची वही त्यांच्या हाती राहिली. सर्वांत अवजड अशा हेवीवेट गटात त्यांनी पहिला क्रमांक जॅक जॉन्सन याला दिला आणि दुसरा जिम जेफ्रीझ याला. ज्या महंमद अलीला आज बहुतेक सारे जग या गटात पहिला मानते, त्याला फ्लायशर यांनी १९७१ मध्येही पहिल्या दहांत घेतले नव्हते. पुढे १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने शतकातील श्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून शुगर रे रॉबिन्सन याची निवड केली, २००२ मध्ये ‘द रिंग’ने मागील ८० वर्षांतील ८० मुष्टियोद्ध्यांची यादी केली, तीतही रॉबिन्सन पहिला, हेन्री आर्मस्ट्राँग दुसरा आणि अली तिसरा होता, २००७ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीनेही रॉबिन्सनलाच अग्रपूजेचा मान दिला. तेव्हा एका नावाविषयी बरेचसे एकमत आहे. पण त्याच्याखाली उतरू लागले की पायरीगणिक वाद वाढत जातो.

पहिली कसोटी लोकांच्या मनात सहज येते ती अशी की, हे सर्व वीर ऐन भरात असताना एकमेकांसमोर उभे राहिले असते तर कोण जिंकला असता? या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून मिळविण्याचा एक प्रयोग झाला आणि तो नभोवाणीवर झाला, म्हणून येथे तो अवश्य सांगावासा वाटतो. १९६७ साली मायामी येथील मरे वोरोनर या नभोवाणी-निर्मात्याने निरनिराळ्या काळांतील सोळा हेवीवेट योद्ध्यांची माहिती संगणकात भरली, त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या आणि प्रत्येक लढतीचे धावते वर्णन श्रोत्यांना ऐकविले. अंतिम सामन्यात रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरविले. अलीला मात्र संगणकाने जेफ्रीझकडून पराभूत केले. अलीने आपली अप्रतिष्ठा झाली म्हणून दहा लाख डॉलरचा दावा लावला. त्याची तडजोड अशी झाली की, त्याला दहा हजार डॉलर मिळाले आणि त्याने मार्सियानोबरोबर एका चित्रपटात लुटुपुटीची लढत खेळावी. १९६९ मध्ये ही लढत चित्रित झाली. शेवट निरनिराळ्या प्रकारांनी चित्रित केले गेले. त्याच वर्षी ३१ ऑगस्ट रोजी मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील प्रेक्षकांनी पाहिले ते असे की, तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला गारद केले आहे. युरोपात दाखविलेल्या आवृत्तीत मात्र अली विजयी झाला होता.

या हकीकतीत हसण्यासारखे बरेच आहे, पण शिकण्यासारखेही आहे. संगणकाला आकडे माणसांनीच पुरविले होते. मार्सियानोच्या ठोशात किती बळ होते, अलीच्या पायांत किती चपळाई होती, हे कोणीतरी आपल्या समजुतीनुसार गुणांत मांडले होते. एकदा ते मांडले की निकाल गुणांतच ठरून गेला. यंत्राने तो फक्त मोठ्याने वाचून दाखविला. शिवाय १८९० चा योद्धा आजच्या रिंगणात आणून उभा करावयाचा म्हणजे त्याला आजचा आहार, आजचे शिक्षण, आजची वैद्यकी द्यावयाची की नाही? दिली तर तो १८९० चा राहत नाही. न दिली तर तुलना न्याय्य होत नाही. म्हणून ‘कोण कोणाला हरवील’ ही कसोटी कट्ट्यावरील गप्पांना उत्तम आहे. यादीचा पाया म्हणून ती टिकत नाही.

दुसरी कसोटी आकड्यांची. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला आणि ४९ ही जिंकला. फ्लॉइड मेवेदर याने २०१७ मध्ये आपला पन्नासावा विजय मिळविला, तोही एकदाही न हरता. मग हे दोघे सर्वांच्या वर का नाहीत? येथेच जोडीचा विचार करावा लागतो. १९५१ मध्ये मार्सियानोने जो लुइसला हरविले तेव्हा लुइसचे वय ३७ होते आणि त्याचा सुवर्णकाळ मागे पडला होता. मेवेदरचा पन्नासावा प्रतिस्पर्धी कॉनर मॅकग्रेगर हा दुसऱ्याच प्रकारच्या द्वंद्वाचा खेळाडू होता. व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत तो त्यापूर्वी लढलेला नव्हता. याचा अर्थ हे दोघे लहान होते असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, शून्य पराभव हा आकडा थोरवीचा पुरावा असू शकतो, तसाच तो सावध निवडीचाही पुरावा असू शकतो. जोड पाहिल्याशिवाय दोहोंतील फरक कळत नाही.

उलट बाजूने पाहा. शुगर रे रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत. परंतु १९५१ च्या अखेरीस, सव्वाशेहून अधिक लढती झाल्यानंतर, त्यांची संख्या अवघी दोन होती. एक पराभव १९४३ मध्ये त्याच्याहून वजनदार असलेल्या जेक लामोटाकडून झालेला आणि दुसरा १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनकडून. लामोटाशी तो एकंदर सहा वेळा लढला आणि पाच वेळा जिंकला. टर्पिनकडून गेलेले अजिंक्यपद त्याने दोनच महिन्यांत परत मिळविले. एकोणीसपैकी दहा पराभव त्याने चाळिशी ओलांडल्यावर पदरी घेतले, कारण पैशाच्या ओढीने तो १९६५ पर्यंत रिंगणात उतरत राहिला. उतारवयातील या दहा पराभवांनी त्याच्या भरातील लढतींचे मोल कमी होते काय? गायकाचा आवाज साठीनंतर फाटला म्हणून त्याची तिशीतील मैफल बेसूर ठरत नाही. अलीच्या पाच पराभवांपैकी शेवटचे दोन, १९८० मधील लॅरी होम्सकडून आणि १९८१ मधील ट्रेव्हर बर्बिककडून झालेले, याच जातीचे आहेत.

आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. निरनिराळ्या काळांतील आकडे हे निरनिराळ्या चलनांतील नाणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक राज्यांत लढतीचा अधिकृत निकाल गुणांवर देण्यास कायद्याने बंदी होती. कोणी गारद झाला नाही तर पंच निकाल देत नसे आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे ज्याला विजयी म्हणतील तो लोकांच्या दृष्टीने विजयी. हॅरी ग्रेब सुमारे ३०० लढती लढला, त्यांतील पुष्कळशा या प्रकारच्या होत्या. त्या काळी एकंदर आठच वजनगट होते आणि साधारणपणे प्रत्येक गटात एकच जगज्जेता असे. आज गटांची संख्या सतराच्या वर गेली आहे आणि बहुतेक गटांत चार मोठ्या संघटना आपापला जगज्जेता घोषित करीत असल्याने सिंहासने सत्तरच्या घरात पोहोचली आहेत. पूर्वी अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डक-कू हा रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर मरण पावला, आणि त्यानंतर क्रमाक्रमाने सर्व संघटनांनी ती बारा फेऱ्यांवर आणली. तेराव्या, चौदाव्या फेरीत माणसात काय उरते, ही परीक्षा आजच्या योद्ध्याला द्यावी लागत नाही. ती द्यावी लागत नाही हे चांगलेच आहे, पण तुलना करणाऱ्याने ते विसरता कामा नये.

तिसरी कसोटी वजनाची. दोनशे पौंडांचा योद्धा दीडशे पौंडांच्या योद्ध्याला बहुधा हरविणार, हे सांगावयास पंडित नको. मग श्रेष्ठ नेहमी हेवीवेटच काय? या अडचणीतून ‘पौंडास पौंड’ ही कल्पना रूढ झाली. शरीराच्या वजनाचा फरक मनाने बाजूला ठेवावयाचा आणि उरलेले कौशल्य, चपळाई, बळ, धैर्य तेवढे मोजावयाचे. रॉबिन्सनच्या नावाशी हा शब्दप्रयोग कायमचा जोडला गेला. शेरास सव्वाशेर भेटतो असे आपली म्हण सांगते. येथे सव्वाशेराने पाव शेर उतरून ठेवावा आणि मग जोड पाहावी, अशी मागणी असते.

ही मागणी काल्पनिक आहे खरी, पण काही वीरांनी ती प्रत्यक्षात उतरवून दाखविली. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशी तीन अजिंक्यपदे मिळविली आणि ती एकाच वेळी धारण केली. आठ गट आणि आठच जगज्जेते असण्याच्या त्या काळात हा पराक्रम केवढा होता हे लक्षात घ्यावे. फिलिपाइन्सच्या मॅनी पॅक्वियावने १९९८ ते २०१० या काळात आठ वजनगटांत विजेतेपदे मिळविली. आणि रॉबिन्सनची एक हार तर अनेकांच्या विजयांहून बोलकी आहे. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो आपल्याहून सुमारे पंधरा पौंडांनी जड असलेल्या जोई मॅक्सिमशी लाइट-हेवीवेट पदासाठी लढला. उष्मा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेला होता. दहाव्या फेरीत पंचच कोसळण्याच्या बेतास आल्यामुळे त्याला बदलावे लागले. रॉबिन्सन गुणांवर स्पष्टपणे पुढे होता. परंतु तेराव्या फेरीनंतर त्याला उठताच आले नाही. नोंदवहीत ही हार म्हणून लिहिलेली आहे. पाहणाऱ्याने ती कोणत्या रकान्यात लिहावी?

आता, श्रोतेहो, त्या मूळ प्रश्नाकडे वळू. आतापर्यंत आपण ज्या लढती झाल्या त्यांचा विचार केला. परंतु ज्या लढती होऊच दिल्या गेल्या नाहीत त्यांचे काय? मुष्टियुद्धाच्या इतिहासात कृष्णवर्णीय योद्ध्यांपुढे एक अदृश्य रेषा आखलेली होती. ती कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. म्हणूनच ती पुसून टाकणे अवघड होते.

पीटर जॅक्सन हा वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नावारूपास आलेला योद्धा. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला; दोघेही हलण्याच्या स्थितीत राहिले नाहीत तेव्हा पंचाने लढत अनिर्णित सोडली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटला जगज्जेता जॉन एल. सलिव्हनशी लढण्याची संधी मिळाली आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनला ती संधी मिळाली नाही, कारण कृष्णवर्णीयाशी आपण लढणार नाही असे सलिव्हनने उघडपणे जाहीर केले होते. ६१ फेऱ्यांपर्यंत एका तराजूत समतोल राहिलेल्या दोघांपैकी एकाचे नाव जगज्जेत्यांच्या मालिकेत लागले आणि दुसरा १९०१ मध्ये क्षयाने मरण पावला.

१९०८ मध्ये जॅक जॉन्सनने सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून ही रेषा ओलांडली. त्याला खाली खेचण्यासाठी निवृत्त झालेल्या जेफ्रीझला परत बोलाविण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्यालाही नमविले आणि त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली होऊन माणसे मारली गेली. या लढतीचे चित्रपट दाखविण्याविरुद्ध गदारोळ उठला. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि तो १९४० पर्यंत टिकला. ‘चित्रपट पाहून मी माझे मत बनवितो’ असे म्हणणाऱ्या आजच्या रसिकाने हे ध्यानात ठेवावे की, त्या काळातील काय दृष्टीस पडावे आणि काय पडू नये हेदेखील काही अंशी वर्णद्वेषाने ठरविलेले आहे.

१९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सनचे पद गेले आणि त्यानंतर १९३७ मध्ये जो लुइसला संधी मिळेपर्यंत, म्हणजे पुरी बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट पदासाठी लढू दिले गेले नाही. याच काळात जॅक डेम्प्सी जगज्जेता होता. हॅरी विल्स हा त्याचा अग्रगण्य आव्हानवीर वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला. १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे डेम्प्सीने आपले पद पणास लावले नाही. विल्सशी त्याची लढत अखेरपर्यंत झाली नाही.

परंतु या साऱ्या कथेचा मुकुटमणी सॅम लँगफर्ड हा होय. कॅनडातील नोव्हा स्कोशियात जन्मलेला, साडेपाच फुटांहून थोडासाच उंच असा हा गृहस्थ लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सर्व गटांतील श्रेष्ठांशी लढला. १९०३ मध्ये त्याने लाइटवेट जगज्जेता जो गान्स याला हरविले, पण लँगफर्डचे वजन गटाच्या मर्यादेबाहेर असल्याने पद पणास लागलेले नव्हते. १९०६ मध्ये वजनात बराच कमी असूनही तो जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला आणि हरला. पुढे लँगफर्डची कला पिकली आणि जॉन्सन जगज्जेता झाला. पण जगज्जेता जॉन्सनने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. जो स्वतः त्या रेषेचा बळी होता, त्यानेही ती आपल्या सोयीसाठी वापरली, हा या इतिहासातील बोचणारा भाग आहे. गोरे योद्धे टाळीत, म्हणून लँगफर्ड, विल्स, जो जिनेट आणि सॅम मक्वे यांना आपसातच पुनःपुन्हा, दहा-दहा पंधरा-पंधरा वेळा लढून पोट भरावे लागले. लँगफर्डची दृष्टी जाऊ लागली तरी तो लढतच होता.

आता क्रमवारी करणाऱ्याने काय करावे? ‘किती वेळा जगज्जेता झाला’ हा रकाना उघडला की लँगफर्डपुढे शून्य येते. विल्सपुढे, जॅक्सनपुढेही शून्यच. पुढील पिढीतील चार्ली बर्लीची गत तीच. त्याच्याशी लढण्यास पुष्कळ जण राजी नसत. खुद्द रॉबिन्सनशीही त्याची जोड झाली नाही. आर्ची मूरला पहिली संधी १९५२ च्या डिसेंबरात मिळाली, तेव्हा त्याला व्यवसायात उतरून पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जो ज्या पंक्तीत बसू दिला गेला नाही, त्याच्या पानात काही वाढलेले दिसत नाही म्हणून त्याला भूक नव्हती असे अनुमान काढणे हा पंक्तिप्रपंचाचाच दुसरा प्रकार होय. २००२ ची ती प्रसिद्ध यादी ‘मागील ८० वर्षांची’ होती, म्हणजे ती १९२२ पासून सुरू होत होती; लँगफर्डचा बहराचा काळ त्यापूर्वीच संपलेला होता. यादी कोठून सुरू करावयाची हा निर्णयदेखील कोणाला तरी बाहेर ठेवतोच.

आणि वगळलेले केवळ वर्णामुळेच वगळले गेले असे नाही. हंगेरीच्या लास्लो पापने १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तो व्यावसायिक झाला, एकदाही हरला नाही आणि जगज्जेतेपदाची लढत जवळ आली तेव्हा त्याच्याच सरकारने त्याची परवानगी काढून घेतली. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० मध्ये तीच कामगिरी केली, पण तो व्यावसायिक झालाच नाही. मणिपूरच्या मेरी कोमने २००२ ते २०१८ या काळात सहा जागतिक सुवर्णपदके मिळविली. स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो २०१२ मध्ये, तेव्हा ती तिशीला टेकली होती आणि तरीही तिने कांस्यपदक आणले. सर्व काळांतील श्रेष्ठांच्या प्रचलित याद्यांत ही नावे बहुधा आढळत नाहीत, कारण त्या याद्या व्यावसायिक पुरुषांच्या असतात. असे असावयास हरकत नाही. मात्र मथळ्यात तसे स्पष्ट म्हणावे.

मग यादी करूच नये काय? मला तसे वाटत नाही. करावी, पण नोंदवहीत चार रकाने आखून करावी. पहिल्या रकान्यात योद्धा भरात असताना आपल्या काळातील श्रेष्ठांशी कसा लढला हे लिहावे. दुसऱ्यात किती वर्षे आणि किती वजनगटांत टिकला हे लिहावे. तिसऱ्यात त्या काळचे नियम आणि परिस्थिती. आणि चौथ्यात त्याने कोणाला टाळले आणि त्याला कोणी टाळले हे लिहावे. या चौथ्या रकान्यासाठी एकच नियम पाळावा. न झालेल्या लढतीचे अधिक गुण कोणालाच द्यावयाचे नाहीत, परंतु न मिळालेल्या पदाचे उणे गुणही कोणाला लावावयाचे नाहीत.

या नियमाने अलीचाही प्रश्न सुटतो. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने नकार दिला. त्याचे पद काढून घेण्यात आले आणि पंचविसाव्या वर्षापासून पुढची साडेतीन वर्षे त्याला रिंगणात पाऊल ठेवता आले नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार? त्या वर्षांत तो कोणाकोणाला हरविता, हे आपण लिहू नये. जे घडले तेवढेच पुरेसे आहे. १९६४ मध्ये सनी लिस्टन, १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमन, १९७५ मध्ये मनिला येथे जो फ्रेझियर. असे प्रतिस्पर्धी दुसऱ्या कोणत्याही हेवीवेट जगज्जेत्याच्या वाट्याला आले नाहीत, म्हणून त्या गटात मी अलीला पहिला मानतो. आणि जवळजवळ बारा वर्षे पद राखून २५ वेळा ते सांभाळणाऱ्या जो लुइसला दुसरा. अलीचे रिंगणाबाहेरील धैर्य फार मोठे होते, पण ते निराळ्या वहीत लिहावे. येथे मिसळले तर दोन्ही हिशेब बिघडतात.

सर्व गट एकत्र घेतले तर रॉबिन्सनचा पहिला क्रमांक मला मान्य आहे, कारण पहिल्या तीनही रकान्यांत त्याच्यासारखी भरलेली ओळ दुसऱ्या कोणाची नाही. चौथ्या रकान्यात बर्लीचे नाव लिहून ठेवावेच लागेल. दुसऱ्या क्रमांकावर मी सॅम लँगफर्डला बसवीन. त्याला न मिळालेल्या पट्ट्याची भरपाई म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष ज्यांच्याशी त्याची जोड झाली त्या नावांच्या बळावर. तिसरा आर्मस्ट्राँग. चौथ्या जागेसाठी अली आणि हॅरी ग्रेब यांच्यात मला आजही निर्णय करता येत नाही. ग्रेबने १९२२ मध्ये जीन टनीला हरविले. पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या टनीचा तो आयुष्यातील एकमेव पराभव. पण ग्रेबच्या एकाही लढतीचा चित्रपट आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयी आपल्याला दुसऱ्यांच्या साक्षीवरच विसंबावे लागते.

आपणांपैकी पुष्कळांना ही यादी पटणार नाही आणि तसे झाले तर मला त्यात आनंदच आहे. कारण या वादाचा खरा उपयोग निकालात नाही. ज्यांच्या डोक्यावर आयुष्यभर ठोसे बसले, त्यांना त्याची किंमत म्हातारपणी मोजावी लागली. रॉबिन्सनची स्मृती गेली, अलीच्या हातांना कंप सुटला. १९४४ मध्ये अल लेनी नावाचा न्यूयॉर्कचा एक पत्रकार लँगफर्डविषयी लिहिण्यासाठी त्याचा शोध घेऊ लागला. हार्लेममधील एका खोलीत लँगफर्ड त्याला सापडला. तो पूर्ण आंधळा झाला होता आणि त्याच्यापाशी पैसा उरला नव्हता. लेनीचा लेख प्रसिद्ध झाला, वाचकांनी निधी जमविला आणि त्या वृद्धाचे उरलेले दिवस थोडे सुखाचे गेले. एका माणसाने जुनी यादी वाचताना ‘हा आता कोठे आहे?’ एवढा प्रश्न विचारला म्हणून हे घडले. आपणही एखादी क्रमवारी वाचाल तेव्हा वरची दहा नावे पाहून झाल्यावर थोडे थांबावे आणि अकरावे नाव कोणाचे असावयास हवे होते व ते का नाही, याची चौकशी करावी.